फोटो खेचणे

पुण्याची माणसं फोटो काढतात. आम्ही इंदूरचे मराठी लोक फोटो खेचतो.

चार पिढ्या होळकरांच्या गावात गेल्यावर आमच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे, की पुण्याचा भाचा सुट्टीत आला की तांदळातले खडे वेचावेत तसे माझ्या बोलण्यातले शब्द वेचून बाजूला ठेवतो. "मामा, फोटो खेचत नाहीत, काढतात. खेचतात ती टांग." मी वर्षानुवर्षं निमूट ऐकून घेतलं. पण निवृत्तीनंतर मी झूम लेन्स घेतली आणि याबाबतीत इंदूरचंच बरोबर होतं हे सिद्ध झालं. शंभर फुटांवरच्या माणसाला त्याच्या नकळत, आपण जागचंही न हलता, नाकासमोर ओढून आणायचं, याला काय 'काढणं' म्हणतात? ते खेचणंच.

निवृत्तीनंतर भारतभ्रमण करायचं आणि त्याचे फोटो काढायचे हे माझं जुनं स्वप्न. ('स्वप्न कसलं, धमकी,' ही बायकोची दुरुस्ती.) भाच्याला फोन करून सल्ला विचारला. तो म्हणाला, "मिररलेस घ्या, हलका असतो. पण मामा, झूमच्या नादी लागू नका. पस्तीसची प्राइम घ्या. एकच अंतर, उजेड भरपूर, फोटो कसे कातीव. मोठं हवं असेल तर पुढे चालत जायचं. पायांनी झूम करायचं."

"पाय तुझे की माझे?" मी विचारलं. माझे गुडघे निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाले आहेत.

दुकानदाराला मात्र माझे गुडघे बघताक्षणी कळले. "अंकल, ये लो. चौबीस से दो सौ. राजवाडा भी आ जाएगा, राजवाडे पे बैठा कबूतर भी." चोवीस मिलिमीटर ते दोनशे मिलिमीटर, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आठपट जवळ. एका चांगल्या स्कूटरचे पैसे मोजून मी ती घेऊन घरी आलो.

घरी पहिला प्रश्न आईनं विचारला. ती चौऱ्याऐंशीची आहे आणि हिशेबात अजून कोणाला ऐकत नाही.

"मिररलेस म्हणजे काय रे?"

"म्हणजे यात आरसा नसतो. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर डोळ्याकडे जायचा. यात आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि इथे आत, या भोकात, छोट्या पडद्यावर चित्र दिसतं."

"आरसा नाही?"

"नाही."

"मग तेवढे पैसे कमी केले का त्यानं?"

बायकोचा मुद्दा पैशांचा नव्हता, पात्रतेचा होता. म्हणून मी इतिहास काढला. म्हटलं, फोटोग्राफी हा इंदूरच्या मातीचाच गुण आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली इथे बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, नोकरी करता करता फोटोग्राफी शिकले, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि पुढे हैदराबादच्या निजामानं त्यांना 'राजा' केलं. तेही सरकारी नोकर, मीही सरकारी नोकर.

"ते नोकरीत शिकले," बायको म्हणाली, "तुम्ही नोकरीत झोपलात."

शिवाय दीनदयाळांना काचेच्या जड प्लेटा, तिपाई आणि पेटीएवढा कॅमेरा वाहून न्यावा लागे, महाल मोठा दिसायला हवा असेल तर हे सगळं बिऱ्हाड उचलून पुढे सरकावं लागे, आणि मला नुसता मनगटाचा एक पिळा पुरतो, असंही मी सांगणार होतो. पण ते माझ्याच अंगावर आलं असतं.

भारतभ्रमणाआधी सराव म्हणून सुरुवात राजवाड्यापासून केली. राजवाडा सात मजली. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. चोवीसवर सातही मजले आले. पण त्यांच्याबरोबर अकरा स्कूटर, दोन ई-रिक्षा, एक फुगेवाला आणि कानात काडी घालून उभा असलेला एक गृहस्थही आला. दोनशेवर नेलं तर पाचव्या मजल्याच्या एका खिडकीची अर्धी कड. मधल्या आकड्यांवर काय करायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. झूम घेणारी बहुतेक माणसं माझ्यासारखीच असावीत. लेन्सवर चोवीस ते दोनशे लिहिलेलं असतं, पण आम्ही वापरतो फक्त चोवीस आणि दोनशे. स्वयंपाकघरातल्या पंख्याला पाच नंबर असतात आणि आपण एक आणि पाचच वापरतो, तसं.

मग ठरवलं, इमारती सोडायच्या, माणसं टिपायची. सहज, नैसर्गिक, त्यांना न कळता. प्रवासातल्या फोटोंचं सगळं मर्म यात आहे असं मी ऐकलं होतं. शिवाय मी मुळात भिडस्त. अनोळखी माणसाजवळ जाऊन 'तुमचा फोटो घेऊ का' असं विचारायच्या कल्पनेनंच मला घाम फुटतो. त्यामुळे दोनशे मिलिमीटर ही माझ्या दृष्टीनं लेन्स नव्हती, भिडेला शोधलेलं औषध होतं. रस्त्याच्या या बाजूला उभं राहायचं आणि त्या बाजूचा पेरूवाला टिपायचा.

आता झूमची गंमत अशी, की आपल्याला लांबचं जवळ दिसतं, पण लांबच्याला आपण लांबूनच दिसतो, आणि तेही कॅमेऱ्यातून वीतभर लांब नळकांडं बाहेर काढलेले. पेरूवाल्यानं मला पाहिलं. त्यानं शेजारच्या भुट्टेवाल्याला कोपरानं ढोसलं. भुट्टेवाल्यानं गाडीखालचा कागद लगबगीनं उचलला. बघता बघता पूर्ण रांगेत हालचाल झाली. कोणी केर उचलला, कोणी डबे सरळ केले, आणि पेरूवाला दोन्ही डब्यांमध्ये ताठ उभा राहून ओरडला, "देख लो साब! गीला अलग, सूखा अलग!"

२०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेतलेल्या गावात मोठा कॅमेरा घेतलेला माणूस एकच असू शकतो: सर्वेक्षणवाला. त्या महिन्यात मी राजवाडा ते छप्पन दुकान असे जे काही 'सहज, नैसर्गिक' फोटो खेचले, त्या सगळ्यांत माणसं कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहून हसत आहेत. एकानं तर डब्याच्या गळ्यात हात टाकला आहे.

काच मंदिरातही गेलो. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं, भिंती, खांब, छत, सगळीकडे काचच काच. बिनआरशाचा कॅमेरा घेऊन आरशांच्या देवळात जाण्यात मला एक काव्य दिसत होतं. दाराशी बसलेल्या गृहस्थांना ते दिसलं नाही. त्यांनी आधी माझी चप्पल पाहिली, मग माझी तोफ पाहिली आणि दोन्हींकडे एकाच बोटानं 'बाहेर' अशी खूण केली.

दिवसा जमत नाही म्हटल्यावर रात्री सराफ्यात गेलो. सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री त्याच ओट्यांसमोर पेटलेल्या भट्ट्या. भुट्ट्याचा कीस, मावाबाटी, थंडीत तळलेले गराडू, थाळीएवढा जलेबा. आणि दहीवडा. इथला दहीवडा नुसता देत नाहीत, उडवतात. दह्यानं काठोकाठ भरलेला दोना वर फेकायचा, तो हवेत गिरकी घेऊन परत हातात यायचा, थेंब सांडायचा नाही. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले धरायचे आणि एक एक वेगळा सोडायचा: आधी मीठ, मग मिरची, मग जिरं. चिमूट एक, पण बोटांच्या आत जणू पाच खण.

हे टिपायला मी वीस पावलांवर, एका बंद पेढीच्या ओट्यावर दबा धरून बसलो. दोनशेवर. दोना उडाला. मी बटण दाबलं. फोटोत विक्रेत्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण आलं. दोनशेवर दोना दिसतो मोठा, पण उडाला की चौकटीतून गेलेला असतो. पुन्हा वाट पाहिली. या वेळी दोना चौकटीत होता, पण झूम पूर्ण ताणली की लेन्सचं भोक बारीक होतं, उजेड आत येईना, म्हणून कॅमेऱ्यानं शटर संथ केलं. दोना पांढऱ्या धुरासारखा दिसला. आयएसओ बारा हजारांवर नेला, तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे.

तोवर विक्रेत्यानं मला हेरलं होतं. "भिया, उत्ती दूर से क्या खींच रिये हो? पास आओ!"

गेलो. सांगितलं, उडताना हवाय. तो खुशीत म्हणाला, "आपके लिए इस्पेशल." उडवला. चुकला. म्हणजे माझा. त्याचा बरोबर हातात आला आणि तिथून माझ्या हातात. कारण उडवलेला वडा परत ठेवायचा नसतो. मी खाल्ला. दुसरा उडवला. तो आला, पण वरचा अर्धा कापलेला. खाल्ला. तिसऱ्याला कॅमेऱ्यानं फोकस मागच्या दिव्यावर धरला. खाल्ला. चौथ्याला सगळं जुळून आलं होतं, पण मलाच ढेकर आला आणि हात हलला. त्या चौथ्या फोटोत दह्याचा एक लांबलचक, पांढराशुभ्र, झुळझुळ ओघ तेवढा उमटला आहे. वडा नाही, दोना नाही, विक्रेताही नाही.

हा फोटो लक्षात ठेवा. तो पुढे पुण्यकार्याला लागला.

अखेर एकदाचा प्रवास ठरला. मांडू, इंदूरपासून शंभरेक किलोमीटर. मेहुणा, मेहुणी, त्यांची दोन मुलं, आई, बायको, मी आणि कॅमेऱ्याची बॅग. कोवळ्या उन्हातल्या फोटोंसाठी पहाटे पाचला निघायचं होतं. पाचला गाडी निघालीही, पण पोहे-जलेबीसाठी सव्वापाचला थांबली. मांडूत पोहोचलो तेव्हा ऊन जून होऊन टोचायला लागलं होतं.

जहाज महालासमोर बायको म्हणाली, "माझा एक फोटो खेचा." लेन्स दोनशेवर होती. परत चोवीसवर आणायचं मला सुचलं नाही, कारण एकदा खेचायची सवय लागली की सोडायचं सुचत नाही. मी म्हटलं, "जरा मागे हो." ती झाली. "अजून मागे." झाली. "अजून." दोन तळ्यांच्या मधोमध तो महाल आहे. अजूनवर अजून करत ती कठड्याला टेकली आणि तिथून म्हणाली, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा 'लांब जा' हे तोंडावर बोललात. आता अजून मागे गेले तर माहेरचीच वाट लागेल." त्या फोटोत तिचा चेहरा छान आला आहे. मागे जहाज महाल असल्याचा मात्र काही पुरावा नाही.

मग रूपमती मंडप. उंच कड्यावर, खाली निमाडचा पसारा आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची रेघ. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय रूपमती अन्नाला शिवत नसे अशी दंतकथा आहे. आमच्या गाडीत उलटा नियम होता: अन्नाला शिवल्याशिवाय कोणी काही पाहत नव्हतं. त्यामुळे दाल-पानिये खाऊन वर चढेपर्यंत दुपारचं धुरकट झालं होतं. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना.

मी म्हटलं, बाजूला व्हा, झूम आहे. तोफ काढली, दोनशेवर नेली, डोळ्याला लावली. धुरकं आठपट मोठं दिसलं.

"भाई साब, इसमें से नर्मदाजी दिखती हैं?" शेजारच्या सहलीतल्या एका बाईंनी विचारलं. मी भिडस्त माणूस. नाही म्हणायची भीड वाटली. म्हटलं, बघा. त्यांनी पाहिलं, मग त्यांच्या जावेनं, मग जावेच्या पोरांनी. बघता बघता मंडपात रांग लागली. मेहुणा रांगेची शिस्त पाहू लागला. मेहुण्याच्या पोरानं दर माणशी दहा रुपये घ्यावेत का, हा प्रश्न हळूच काढला. कोणालाही काही दिसत नव्हतं, पण मागच्याला तसं सांगून आपला नंबर वाया गेला असं कबूल करायला कोणी तयार नव्हतं. जो तो कॅमेऱ्यातून तोंड काढून "हां, है है, उधर है" एवढंच म्हणे.

शेवटी काठी टेकत एक आजी आल्या. मी कॅमेरा त्यांच्या डोळ्याशी धरला. त्यांनी आधारासाठी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, बोटं कुठल्या कुठल्या बटणांवर पडली, आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कॅमेरा माझ्या हाती सोडला, हात जोडले, पुटपुटत डोकं लववलं. "दिख गई मैया," त्या म्हणाल्या. "कित्ती सफेद! कैसी बह रही हैं!"

मी चकित होऊन आत पाहिलं. आजींच्या बोटानं जुने फोटो दाखवणारं बटण दाबलं गेलं होतं. आतल्या छोट्या पडद्यावर सराफ्यातला चौथा दहीवडा वाहत होता.

मी काही बोललो नाही. तुम्ही तरी काय बोलला असता? आणि त्याच क्षणी बॅटरी संपली. या कॅमेऱ्यात आरसा नाही, त्यामुळे नुसतं डोकावून पाहायलाही वीज लागते. एका नर्मदेसाठी तीसेक माणसं डोकावली होती. परतीच्या वाटेवर मांडूवर सूर्य असा काही मावळला की विचारू नका. मी तो गुपचूप नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

आता शेवटचा प्रकार. झूम लेन्स ताणली की नळकांडं बाहेर येतं आणि हवा आत जाते; मिटली की नळकांड्यावर बसलेली धूळ घेऊन ते आत शिरतं. म्हणजे ही एक पिचकारीच. हे भाच्यानं मला सांगितलं होतं. म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

रविवारची सकाळ, आमच्या कोपऱ्यावरचा पोहेवाला. खाली उकळतं पाणी, वर पोह्यांचा पिवळा ढीग, त्यातून वाफ, वाफेवर तिरपं ऊन. मी नेहमीप्रमाणे रस्त्याच्या पलीकडून, दोनशेवर, कॅमेरा रोखून. तेवढ्यात ओळखीच्या एका पोरानं, "काकाजी, पहले गरम गरम खा लो," म्हणून पोह्यांची प्लेट माझ्या डाव्या हातात कोंबली. वर शेव, कांदा आणि जिरावनाचा डोंगर. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो, जिरावन म्हणजे जिरं, धणे, काळं मीठ, हिंग, आमचूर वगैरेंचं वस्त्रगाळ पीठ, आणि आमच्याकडे ते चहा सोडून सगळ्यावर टाकतात. आता झूमची कडी फिरवायची डाव्याच हातानं. मी करंगळीनं कडी फिरवायला गेलो, प्लेट कलली, आणि डोंगरातलं निम्मं जिरावन बाहेर आलेल्या नळकांड्यावर अलगद बसलं.

शहाण्या माणसानं फुंकर मारली असती. मी घाबरून लेन्स वाचवायला ती झटकन मिटली. जिरावन अख्खं आत. कुर्रर्र असा, खलबत्त्यात वेलदोडा रगडल्यासारखा आवाज आला आणि कडी थांबली. पस्तीसच्या आकड्यावर. पुढेही जाईना, मागेही येईना.

दुरुस्तीवाल्यानं लेन्स हातात घेतली, कडी हलवून पाहिली, नाकाजवळ नेली आणि सलग तीनदा शिंकला.

"सर, इसमें जीरावन है."

"हो."

त्यानं पुन्हा हुंगलं. "अच्छावाला है. हींग तेज है. कहाँ से लेते हो?"

पूर्ण खोलून साफ करायला लेन्स मुंबईला जाणार, महिना लागणार, आणि खर्चाचा आकडा त्यानं तोंडानं न सांगता कागदावर लिहून उलटा सरकवला. मी तो तसाच उलटा परत सरकवला. भाच्याला फोन केला.

"पस्तीसवर अडकलीय? आणि फोटो येतात?"

"येतात."

"मामा, अभिनंदन. प्राइम घेतलीत."

तेव्हापासून पोहेवाल्याचा फोटो हवा असेल तर मला पोहेवाल्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. आणि इंदुरात खाण्याच्या गाडीसमोर नुसतं उभं राहायची सोय नाही. राजवाड्यावर एक फोटो म्हणजे दोन कचोऱ्या, सराफ्यात तीन फोटो म्हणजे दुसऱ्या दिवशी लंघन. गुडघे ठीक आहेत. वजन चार किलो वाढलंय. पेरूवाल्याचं नाव, गाव, मुलीची दहावी सगळं मला ठाऊक झालंय, आणि मी सर्वेक्षणवाला नाही हे कळल्यापासून त्याचे डबे पुन्हा वाकडे असतात.

दिवाळीत भाचा आला. त्याला कोपऱ्यावर नेलं. त्यानं पहिल्या घासाला जिरावन मागून घेतलं, दुसऱ्या घासाला अजून मागितलं. वाफ त्याच्या चष्म्यावर धरली होती, शेव हनुवटीला लागली होती. तोंडात पोहे, हातात जलेबी, आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे मान हलवून तो म्हणाला, "मामा, असाच एक फोटो खेचा ना!"